‘क्लेम’ लिहिलं आणि अध्यक्ष रागावले

प्रश्न: मी एका संस्थेच्या कार्यालयात काम करते. सभांचं इतिवृत्त, प्रसिद्धीपत्रकं आणि बाहेरचा पत्रव्यवहार इंग्रजीत लिहिण्याचं काम अलीकडे माझ्याकडे आलं आहे. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. दर ओळीत ‘सेड’ येऊ लागलं की लिखाण बाळबोध वाटतं, म्हणून समानार्थी शब्दांचा कोश उघडून मी शब्द आलटून पालटून वापरू लागले. गेल्या सभेत अध्यक्ष म्हणाले होते, की खर्च मंजूर रकमेच्या आतच झाला. मी इतिवृत्तात ‘क्लेम्ड’ लिहिलं. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “म्हणजे मी खोटं बोललो असं नोंदवून ठेवलंय का तुम्ही?” त्याच आठवड्यात एका पाहुण्यांना ‘तुमचं येणं अफर्म करा’ असं कळवलं, तर उत्तरात हसरा चेहरा आला. एक सहकारी म्हणतो, सगळीकडे ‘सेड’च लिही. दुसरी म्हणते, असे शंभर शब्द अर्थासकट पाठ कर. आपल्याकडे ‘सांगितलं’ आणि ‘जाहीर केलं’ एवढ्यावर भागतं, मग इंग्रजीलाच इतके शब्द कशाला लागतात? माझं मराठी माध्यम आड येतंय का? आणि अर्जांवर ‘सॉलम्ली अफर्म अँड डिक्लेअर’ असे जोडीजोडीने शब्द का असतात?

उत्तर:

आधी अध्यक्षांचं बघू. शब्दापुरतं त्यांचं बरोबर होतं; चारचौघांत बोलायला नको होतं. ‘क्लेम’ म्हणजे दावा करणं. दावा म्हटलं की समोर कुणीतरी ‘हे कशावरून?’ असं विचारणारा उभा राहतोच. तुम्ही मराठीत इतिवृत्त लिहीत असता, तर ‘खर्च मर्यादेत झाल्याचा दावा अध्यक्षांनी केला’ असं लिहिलं असतं का? हात थबकला असता. तुमचा कान शाबूत आहे, पण इंग्रजी लिहिताना तुम्ही तो बाजूला काढून ठेवता आणि कोशावर विसंबता. घोळ होतो तो इथे.

मीही यातून गेले आहे. उमेदवारीच्या काळात एका प्रवक्त्याचं निवेदन इंग्रजीत करताना ‘काम वेळेत पूर्ण झाल्याचं त्यांनी सांगितलं’ यासाठी मी ‘अॅडमिटेड’ लिहिलं होतं. मला तो शब्द भारदस्त वाटला होता. दुसऱ्या दिवशी फोन आला: “काम वेळेत झालं हा गुन्हा आहे का, की आम्ही तो कबूल केला?” ‘अॅडमिट’ म्हणजे कबुली, आणि कबुली चुकीची किंवा नामुष्कीची असते. वेळेत काम पूर्ण केल्याची कबुली कुणी देत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीताबद्दल. तुम्ही धरून चालला आहात, की कोशात एका ओळीत आलेले शब्द एकमेकांच्या जागी बसतात. पीटर मार्क रॉजे यांचा इंग्रजी पर्यायकोश 1852 साली निघाला, तेव्हा त्यात शब्द कल्पनेनुसार गटागटाने मांडले होते. मनात अर्थ आहे पण नेमका शब्द आठवत नाही, अशा माणसासाठी ती सोय होती. म्हणजे जो शब्द तुम्हाला आधीपासून माहीत आहे, तो आठवून देणारा कोश. अनोळखी शब्द त्यातून उचलून वाक्यात बसवणं म्हणजे आडनाव सारखं आहे म्हणून भलत्याच माणसाला लग्नाचं आमंत्रण देण्यासारखं. निव्वळ पुनरुक्ती टाळण्यासाठी शब्द बदलत राहण्याच्या खोडीला इंग्रजीत नावही आहे, ‘एलिगंट व्हेरिएशन’. इंग्रजी लेखनशैलीवर पुस्तक लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी 1906 साली ते रूढ केलं, आणि त्यातलं ‘एलिगंट’ चिमटा काढण्यासाठी आहे. ‘सेड’ दहादा आलं तरी वाचणाऱ्याला खटकत नाही, त्याची नजर त्यावरून सरकून जाते. तेच ‘सेड’, ‘अॅसर्टेड’, ‘अव्हर्ड’, ‘डिक्लेअर्ड’ असं ओळीने आलं की तो विचारात पडतो, की मध्येच याचा आवाज का चढला?

दुसरं गृहीत मला जास्त टोचलं. मराठीत दोन शब्दांत भागतं म्हणता? नुसती उजळणी करून बघा. आपण दुजोरा देतो, ग्वाही देतो, निर्वाळा देतो, हवाला देतो. दवंडी पिटतो, डंका वाजवतो, ठासून सांगतो, छातीठोकपणे सांगतो, प्रतिपादन करतो, निवेदन करतो, आरोप करतो, दावा करतो, शपथेवर सांगतो. ‘त्याने दुजोरा दिला’ आणि ‘त्याने निर्वाळा दिला’ यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवलेला नाही, तरी तुम्ही कधी चुकत नाही. त्यामुळे मराठी माध्यम आड येतंय का, याला माझं उत्तर आहे: तुम्ही ते पुरेसं वापरत नाही आहात.

तुमच्या अडखळण्याच्या जागा याच पद्धतीने पाहू. ‘डिक्लेअर’मध्ये लॅटिन ‘क्लारस’ आहे, म्हणजे स्वच्छ, स्पष्ट. ‘क्लिअर’ त्याच घरातला. आपला ‘जाहीर’ अरबीतून आला, त्याचाही मूळ अर्थ उघड, दिसणारं. दोन भाषांना एकच गोष्ट सुचली: झाकलेलं उघड करणं. विमानतळावर जकातीच्या तपासणीपाशी ‘डिक्लेअर’ करण्यासारखं काही आहे का विचारतात, तेव्हा नेमकं हेच अभिप्रेत असतं. पिशवीत दडलेलं बाहेर सांगा. पण या शब्दाला पुढे आणखी एक धार आली, अधिकाराची. कर्णधार डाव घोषित करतो तेव्हा डाव संपल्याची बातमी तो देत नाही, त्याच्या म्हणण्यानेच डाव संपतो. प्रेक्षकांतून कुणी कितीही ओरडला तरी संपत नाही. युद्ध, आणीबाणी, लाभांश, निवडणुकीचा निकाल, हे सगळं ‘डिक्लेअर’ होतं, कारण बोलण्याआधीची आणि नंतरची परिस्थिती एक राहत नाही. संगणकाची आज्ञावली लिहिणारे चल राशी, म्हणजे व्हेरिएबल, ‘डिक्लेअर’ करतात, तेही याच अर्थाने: आता ही राशी आहे असं धरायचं.

‘अनाउन्स’ याहून साधा आहे. त्यात ‘नुन्टियस’ आहे, म्हणजे निरोप्या. निरोप्याच्या हातात बातमी असते, सत्ता नसते. लाभांश कंपनी ‘डिक्लेअर’ करते, तिचं प्रसिद्धीपत्रक तो ‘अनाउन्स’ करतं. निकाल निवडणूक अधिकारी ‘डिक्लेअर’ करतो, वृत्तनिवेदक ‘अनाउन्स’ करतो. गाडी कोणत्या फलाटावर येणार हे ‘अनाउन्स’ होतं. ते ‘डिक्लेअर’ झालं तर स्टेशनमास्तर गादीवर बसल्यासारखा वाटेल. तुमच्या संस्थेची पुढची कार्यशाळा, बदललेली तारीख, नवं संकेतस्थळ, या सगळ्याला ‘अनाउन्स’ पुरे. आणि जाता जाता व्याकरणाची एक ठेच: ‘अनाउन्स्ड अस दॅट’ असं इंग्रजीत होत नाही. कुणाला सांगितलं हे घालायचंच असेल तर मध्ये ‘टू’ लागतो, नाहीतर ‘इन्फॉर्म’ किंवा ‘टोल्ड’ वापरा. ‘डिक्लेअर’ची गंमत उलटी आहे. ‘डिक्लेअर्ड हिम द विनर’ एवढंच पुरतं, मध्ये ‘अॅज’ घुसडायची आपल्याला सवय असते, ती सोडा.

निरोप्याचा आणखी एक नातेवाईक आहे, ‘प्रोनाउन्स’. त्याचा उच्चार हा अर्थ आपल्याला माहीत असतो, दुसरा निसटतो. डॉक्टर रुग्णाला मृत ‘प्रोनाउन्स’ करतात, न्यायाधीश आरोपीला दोषी. तिथे तज्ज्ञाचा किंवा न्यायासनाचा शेवटचा शब्द असतो. तुमच्या इतिवृत्तात याची वेळ यायला नको.

‘प्रोक्लेम’ आणि ‘क्लेम’ सख्खी भावंडं, दोघांच्या पोटात लॅटिन ‘क्लामारे’ म्हणजे ओरडणं. ‘प्रोक्लेम’ म्हणजे चारचौघांपुढे ओरडून, आपली दवंडी. अब्राहम लिंकन यांनी 1 जानेवारी 1863 रोजी गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला, त्याला ‘प्रोक्लमेशन’ म्हणतात आणि ते शोभतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 10 डिसेंबर 1948 रोजी मानवी हक्कांचं ‘डिक्लरेशन’ स्वीकारलं, तिथे तो शोभतो. वार्षिक सहलीला दोन्ही नकोत.

आता ‘अफर्म’, कारण हसरा चेहरा तुमच्या मनाला लागलेला दिसतो. ‘अफर्म’ आणि ‘कन्फर्म’ दोघांतही ‘फर्म’ आहे, पक्कं. फरक असा, की ‘कन्फर्म’ला आधीचं काहीतरी लागतं. तारीख ठरलेली आहे, निमंत्रण गेलेलं आहे, बातमी कानावर आहे, आणि आता दुसऱ्याकडून होकार हवा. ‘दुजोरा’ शब्दातच तो दुसरा आवाज ऐकू येतो. पाहुण्यांकडून तुम्हाला दुजोरा हवा होता. ‘अफर्म’मध्ये माणूस स्वतःच्या वतीने, गांभीर्याने, आपण अमुक मानतो असं पक्कं सांगतो. ‘आपलं येणं अफर्म करा’ म्हणजे ‘मी येणार या तत्त्वावर माझी निष्ठा आहे असं गंभीरपणे सांगा’. पाहुण्यांना हसू आलं ते त्याचं. त्यात अपमान नव्हता.

या शब्दाच्या गांभीर्यामागे इतिहास आहे, आणि तुमच्या अर्जावरच्या प्रश्नाचं निम्मं उत्तरही तिथेच आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी शपथ घ्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं असं, की येशूने शपथच घेऊ नका म्हटलं आहे. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. शिवाय शपथेवर खरं बोलायचं तर एरवीच्या बोलण्याचं काय? यासाठी पुष्कळांनी तुरुंग पाहिला. अखेर त्या शतकाच्या शेवटी कायद्याने त्यांना शपथेऐवजी ‘अफर्म’ करायची मुभा दिली. अमेरिकेच्या राज्यघटनेत अध्यक्षाच्या शपथेतच दोन्ही पर्याय आहेत, आणि फ्रँकलिन पीअर्स यांनी 1853 साली ‘स्वेअर’ऐवजी ‘अफर्म’ निवडलं. ब्रिटिश संसदेत चार्ल्स ब्रॅडलॉ हे नास्तिक सदस्य 1880 साली निवडून आले आणि त्यांना ‘अफर्म’ करायला मिळावं यासाठी बरीच वर्षं वाद चालला. 1888 च्या कायद्याने ती मुभा सर्वांना मिळाली. आपल्या राज्यघटनेतही ईश्वरसाक्ष शपथ नको असेल त्याच्यासाठी ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ हा पर्याय आहे. ‘दृढकथन’ हा शब्द कानाला जड आहे, पण ज्याने तो योजला त्याला दाद द्या. ‘फर्म’मधलं दृढपण त्याने जसंच्या तसं आणलं.

तर अर्जावर ‘सॉलम्ली अफर्म’ असतं ते शपथेच्या जागी, म्हणजे मी खरं सांगतो/सांगते याची जबाबदारी घेतली. ‘डिक्लेअर’ असतं ते माहिती उघड करून नोंदीवर ठेवल्याबद्दल. दोन्ही मिळून एकच वाक्य होतं, पण कामं दोन आहेत. बाकी कायद्याच्या इंग्रजीला जोडशब्दांची हौस जुनीच. ‘नल अँड व्हॉइड’, ‘विल अँड टेस्टामेंट’. इंग्लंडात फ्रेंच बोलणारे नॉर्मन राज्यकर्ते आल्यावर इंग्रजी, फ्रेंच आणि लॅटिन शेजारी शेजारी नांदू लागल्या, आणि लिहिणाऱ्यांनी एकाला दुसऱ्याची साथ ठेवली. आपल्या ‘कागदपत्र’, ‘बाजारहाट’सारखंच. तुम्हाला स्वतःहून असा मजकूर रचायची गरज नाही; छापील असेल तिथे सही करा.

‘रीअफर्म’ हा शब्द दोन देशांच्या संयुक्त निवेदनांत दिसतो. तो दिसला की समजावं, नवीन काही ठरलेलं नाही. जुनंच पुन्हा पक्कं केलं आहे.

‘असर्ट’ जपून वापरा. रोमन कायद्यात एखाद्या माणसावर हात ठेवून ‘हा स्वतंत्र आहे’ किंवा ‘हा माझा गुलाम आहे’ असं सांगायची रीत होती, आणि त्या कृतीला ‘असर्ट’चा पूर्वज शब्द वापरत. हात ठेवण्याचा तो भाव अजून गेलेला नाही. हक्क ‘असर्ट’ करतात, अधिकार ‘असर्ट’ करतात, तिथे तो झकास बसतो. पण ‘त्यांनी असर्ट केलं की…’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटतं, ठासून सांगितलं खरं, पुरावा दिला नाही. ‘मेन्टेन’ आणि ‘इन्सिस्ट’ यांत समोरचे पटवून घेत नाहीत तरी हा हटत नाही, असं चित्र उभं राहतं. ‘मेन्टेन’ म्हणजे मुळात हातात धरून ठेवणं. ‘अलेज’ तर सरळ आरोप. सिद्ध न झालेल्या गुन्ह्याच्या बातमीत तो लागतोच, कारण तिथे बातमी देणाऱ्याला हात वर ठेवायचे असतात. तुमच्या संस्थेच्या कागदांत तो आला तर आधी वकिलांना विचारा.

याउलट काही शब्द बोलणाऱ्याच्या बाजूने झुकतात आणि ते आपल्या लक्षात येत नाही. ‘पॉइंटेड आउट’ लिहिलं की सांगितलेली गोष्ट खरी आहे हे लिहिणाऱ्यानेही मान्य केलं. ‘रिव्हील्ड’चंही तसंच. आणि ‘रिफ्यूट’ म्हणजे नुसतं नाकारणं नव्हे, तर पुराव्याने खोडून काढणं, असं काटेकोर लिहिणारे आजही मानतात. आरोप फेटाळला एवढंच झालं असेल तर ‘डिनाय’ लिहा, किंवा ‘रिजेक्ट’.

‘अव्हर’, ‘अव्हाउ’, ‘प्रोफेस’ हे वाचताना ओळखता आले की झालं. ‘अव्हर’मध्ये ‘व्हेरस’ म्हणजे सत्य आहे, तो कोर्टाच्या कागदांत भेटतो. ‘अव्हाउ’ म्हणजे उघडपणे मान्य करणं. ‘प्रोफेस’ म्हणजे उघडपणे सांगणं, ‘प्रोफेसर’ त्यातूनच आला; पण हल्ली ‘प्रोफेस्ड’ म्हटलं की वरवरचं, मनात वेगळं, असा वास येतो. प्राध्यापकांनी मनाला लावून घेऊ नये. ‘प्रोटेस्ट’ची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याचा जुना अर्थ निषेध नाही, साक्षीपूर्वक सांगणं असा आहे. ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार, ‘अॅटेस्ट’ आणि ‘टेस्टिफाय’ त्यातलेच, आपली ‘ग्वाही’ही फारसीतल्या साक्षीवरून आलेली. 1529 साली जर्मनीतल्या श्पायर इथल्या सभेत काही राजेरजवाड्यांनी आपली भूमिका अशी साक्षीने मांडली, त्यावरून ‘प्रोटेस्टंट’ हे नाव पडलं. इंग्रजीत आजही ‘प्रोटेस्टेड हिज इनोसन्स’ म्हणतात. त्याचा अर्थ स्वतःच्या निर्दोषपणाचा निषेध केला असा नाही, आपण निर्दोष आहोत असं त्याने परोपरीने सांगितलं, असा आहे. तुमच्या हसऱ्या चेहऱ्याहून मोठी फजिती या शब्दाने पुष्कळांची केली आहे.

मग ‘सेड’च लिहायचं का? सहकाऱ्याचा सल्ला तुम्ही समजता तितका बाळबोध नाही. बातम्या लिहिणारे अनुभवी लोक हेच सांगतात, कारण ‘सेड’ कुणाची बाजू घेत नाही. तरी सगळीकडे नको. ज्या सभेत ठराव झाला, तिथे ‘सेड’ लिहून भागत नाही, ‘रिझॉल्व्ड’ लिहावंच लागतं. ज्या सभेत कोषाध्यक्षांनी हिशेब मांडला, तिथे ‘रिपोर्टेड’ अधिक नेमकं. ऑस्टिन नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1955 साली हार्वर्डमध्ये व्याख्यानं देताना दाखवून दिलं होतं, की काही वाक्यं माहिती देत नाहीत, कृतीच करतात. ‘सभा तहकूब करतो’ म्हटलं की सभा तहकूब होते. अशा जागी कृतीचं क्रियापद लिहा. उरलेल्या सगळ्या जागी ‘सेड’, आणि औपचारिक कागद असेल तर ‘स्टेटेड’.

दुसऱ्या सहकारिणीची शंभर शब्दांची यादी मात्र सोडून द्या. अर्थ पाठ होतात, वजन पाठ होत नाही. त्यापेक्षा नवा शब्द वापरावासा वाटला की आधी ते वाक्य मराठीत मनात म्हणा, आणि तिथे तुम्ही ‘दावा’, ‘दुजोरा’, ‘ग्वाही’, ‘कबुली’ यांपैकी काय म्हणाला असता ते ऐका. ‘सांगितलं’ एवढंच ऐकू आलं, तर इंग्रजीतही तेवढंच लिहा. आणखी एक कसोटी मी स्वतः वापरते: ज्याचं बोलणं मी नोंदवते आहे तो माझ्या खांद्यावरून वाचतोय असं समजायचं. त्याची भुवई उंचावेल असं वाटलं तर क्रियापद बदलायचं. अर्थात त्याला खूश करायला ‘पॉइंटेड आउट’ लिहायचं नाही; शेजारी त्याचा विरोधकही वाचतोय असं धरायचं.

राहिलं ते इतिवृत्त. तुमच्या वाक्यात ‘क्लेम्ड’च्या जागी ‘रिपोर्टेड’ घाला, किंवा अध्यक्षांनी हिशेबाचा कागद पुढे न ठेवता नुसतं तोंडी सांगितलं असेल तर ‘स्टेटेड’. पण गुपचूप खोडू नका. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हाच असेल. तेव्हा ही एका शब्दाची दुरुस्ती तुम्हीच वाचून दाखवा आणि मग सभेला ते इतिवृत्त कायम करू द्या. त्याची इंग्रजी नोंद करताना शब्द येईल ‘कन्फर्म्ड’.